अंगुस्तान

बारी शहरात उतरले तेव्हा माझ्याजवळ चाळीस शब्द होते.
पाव, औषध, लघवी, दुखतंय का,
थांबा, हळूहळू, उपकार झाले.
एवढ्यावर म्हातारं माणूस सांभाळता येतं,
असं ज्या बाईनं काम लावून दिलं ती म्हणाली.
कुताईसीत मी बावीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं.
ते मिनीबसच्या टपावर मावलं नाही.

सिन्योरा एर्सिलियांची नजर गेलेली.
कपाटातली जाडी कादंबरी चाचपून काढली,
माझ्या मांडीवर ठेवली. वाच.
मला कळत नाही, म्हटलं.
मला कळतं ना, म्हणाल्या. तू नुसती वाच.

मग हमाल पेटी वाहतो तशी मी वाक्यं वाहिली,
आत काय आहे ते न विचारता.
उच्चार चुकला की त्या पलंगाच्या दांडीवर बोट आपटायच्या,
मी मागे जाऊन पुन्हा उचलायचे.

शब्दकोश नव्हता. त्या होत्या.
पान सोळा, रुज्जिने.
मला बाल्कनीत नेलं, कठड्यावरून हात फिरवायला लावला,
म्हणाल्या, आता जिभेला लाव.
गंज!
याचं सूत्र मला झोपेत विचारलं तरी आलं असतं,
नाव तेवढं आज मिळालं.
पान एकोणपन्नास, दिताले.
शिवणाच्या डब्यातून पितळी अंगुस्तान काढून
माझ्या बोटात घातलं. घट्ट बसलं.
निघेना, तेव्हा साबण लावावा लागला
आणि साबणाबरोबर फेसाचाही शब्द आला, फुकट.

पान एकशे तीन, मागोने.
याला वस्तू नव्हती.
त्या बराच वेळ गप्प. मग स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून म्हणाल्या,
तोरिनोच्या गाडीत माझा मुलगा चढला,
आणि खिडकी उघडेना.
मला माझी लेक आठवली, बस सुटताना
चप्पल शोधत राहिलेली.
हां, म्हणाल्या, तोच.
आत्ता गिळलास ना आवंढा, तोच.
(आंधळ्या माणसाला ऐकू किती येतं!)

कादंबरी जुन्या सरदार घराण्याची,
त्यामुळे मासळीबाजारात मी म्हणाले,
आपली मर्जी असेल तर अर्धा किलो शिंपले प्रदान करावेत.
कोळ्यानं हात पुसले, कमरेत वाकला,
जशी आज्ञा, राणीसरकार.
वर दोन माकूल जास्त टाकले.
घरी येऊन सांगितलं तर सिन्योरा इतक्या हसल्या
की कवळी हातात आली.

फेब्रुवारीत, पान दोनशे बाराला,
त्यांच्या तोंडाची एक बाजू खाली ओघळली.
इस्पितळातून परतल्या त्या एकच शब्द घेऊन.
दिताले.
पाणी हवं, दिताले. खिडकी लाव, दिताले.
मुलाचा फोन आला, दिताले, दिताले,
आणि तो तिकडून ओरडतोय, आई, काय म्हणतेस?
मला विचारा, म्हटलं नाही मी.

माझे तोवर सहाशे शब्द झाले होते, वहीत मोजलेले.
आता मी हा एक शिकत होते.
शेवट खाली सोडला की पाणी.
वर नेला की कोण आलं.
मध्ये तोडला की लाज वाटते, चादर बदल.
आणि रात्री फार हळू, दोनदा,
त्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

काल मी कादंबरी पुन्हा काढली.
त्यांच्या चालत्या हाताच्या बोटात
अंगुस्तान घातलं, गंमत म्हणून,
आणि दोनशे बारावरून वाचायला लागले,
भराभर, जरा ऐटीतच,
आता कोण चुका काढणार अशा समजुतीनं.

तिसऱ्या ओळीत
पलंगाच्या लोखंडी दांडीवर
टक्.

मी मागे गेले.
पुन्हा म्हटलं.